बाबांनी कापलेला बाक

प्रिय घंटाबाई,

तू ज्या टेबलावर हे पत्र उघडशील ते टेबल मी केलं आहे. त्याचा डावा खण ओढताना जरा उचलावा लागतो, पण तो दोष माझा नाही. तू इतकी वर्षं ओल्या हातांनी तो ओढत आलीस म्हणून लाकूड फुगलं. वाचनालयातला वळणाचा जिना मी केला, आणि त्यात एकही खिळा दिसत नाही. प्रसूतिगृहातले पाळणे मी केले. गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली असं मी म्हणतो तेव्हा नवखी माणसं मला मास्तर समजतात. आईची शेवटची काठी मी केली, मूठ तिच्या तळहाताला बसेल अशी घासून, ती म्हणाली होती, "एवढी छान केलीस की आता नीट चालायला लागले तर वाईट वाटेल." बाबांची शवपेटी मी केली. तिचं झाकण बसलं तेव्हा आवाज आला नाही. जन्मभर ओरडलेल्या माणसाला तेवढी शांतता द्यावीशी वाटली. हे सगळं मी कुठल्याही शाळेत न जाता, मोडक्या खुर्च्या सुट्या करून बघत शिकलो. तुला हे पाठ आहे, तरी लिहितो, कारण लिहिताना मला बरं वाटतं. आणि एवढं सगळं केलेल्या माणसाला लोक ओळखतात कशावरून? त्या आखूड, एका टोकाला तिरक्या कापलेल्या बाकावरून. जो पाय सोडले तर मी केलेलाच नाही.

तुझं पत्र मिळालं. बाक देऊन टाक, जागा घेऊन टाक आणि बाकातल्या माझ्या, म्हणजे तुझ्या, अर्ध्या वाट्याचा विषय काढू नकोस, असं तू एका दमात लिहिलंस. मध्ये एक स्वल्पविरामसुद्धा नाही. लहानपणी बाबांच्या प्रवचनाच्या तंबूच्या दाराशी उभी राहून तू घंटा अशीच वाजवायचीस, श्वास न घेता. तुझा हिशेब सरळ आहे, हे मी मान्य करतो. माझ्या कारखान्याची जागा मालक विकायला निघाला आहे. नव्या सभागृहाच्या ख्रिस्ती मंडळीला बाबांच्या संजीवन सभांमधला, लोक कोपर टेकून प्रार्थना करायचे तो बाक कायमचा हवा आहे. बाक दिला तर जागा माझी होते. नाही दिला तर रंधा, करवत आणि मी, तिघेही रस्त्यावर. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं तू विचारलंस. तेच सांगतो, पण क्रमाने सांगणार. तू शेवटचं पान आधी वाचायची सवय अजून सोडली नसशील तर निदान या वेळी सोड.

नवं सभागृह तू पाहिलेलं नाहीस. पूर्वी जिथे बर्फाचा कारखाना होता तिथे ते उभं आहे. पायाखाली गालिचा, समोर मोठा पडदा, खुर्च्या उठलं की आपोआप मिटतात. व्यासपीठापुढे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गुडघे टेकायला सलग गादी आहे. शिलाई सरळ आहे, मी वाकून पाहिली. तिथले पाळक वयाने लहान आहेत, सगळे त्यांना धाकटे पाळक म्हणतात. हा मुलगा हिशेबनीस होता. बाबांवरची ती जुनी पातळ पुस्तिका कुठेतरी त्याच्या हाती लागली, वाचून झाली आणि त्याने नोकरी सोडली. आता त्याच्या मंडळीतली पोरंपोरी बाबांची जुनी प्रवचनं कानात घालून फिरतात. परवा एका मुलीने मला वाटेत थांबवलं. म्हणाली, "काका, मी रोज सकाळी धावताना तुमच्या बाबांना ऐकते." मी म्हटलं, "ते भेटले असते तर म्हणाले असते, जरा थांबून ऐक." तर ती खरंच थांबली आणि हसली. मला ही पोरं आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तू म्हणशील, दादा पुन्हा कोणाशी तरी भांडून आला.

तर त्यांनी बाबांची जीवनकथा रंगमंचावर करायची ठरवली आणि संहिता माझ्याकडे वाचायला पाठवली. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की बाबा पूर्वी 'एक यशस्वी व्यापारी' होते. व्यापारी कसले? बाबा लिलाव पुकारायचे. दुसऱ्यांचा माल, दुसऱ्यांचे पैसे, बाबांचा फक्त घसा. आणि त्या मशीनची गोष्ट! संहितेत असं होतं की शिवणकाम करणाऱ्या विधवेचं मशीन लिलावात निघालं, बाबांचं हृदय द्रवलं, त्यांनी ते तिला परत मिळवून दिलं आणि ते प्रचारक झाले. तू तेव्हा जन्मली नव्हतीस, पण आईच्या तोंडून ते किती वेळा ऐकलंयस. बाबा टेबलावर उभे. एक वार झालं, दोन वार झालं, आणि तोंडाला कुलूप लागलं. ती बाई कोपऱ्यात उभी, हातात मशीनचं तेलाचं डबडं धरून, कारण ते यादीत नव्हतं. बोली लावणारा खालून ओरडला, "अहो, तीन म्हणा की! घसा बसला का?" बाबा म्हणाले, "घसा नाही, मीच बसलो," आणि खरंच त्या टेबलावर मांडी घालून बसले. मग दुसऱ्या पुकाऱ्याने तीन म्हटलं आणि मशीन विकलं गेलं. परत-बिरत काही मिळालं नाही. बाबा स्वतः प्रत्येक सभेत सांगायचे, "मी तीन म्हटलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व. जग माझ्यावाचून अडलं नाही. मी मात्र अडलो." घरी येऊन त्यांनी आईला नोकरी सोडल्याचं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. "मग उद्यापासून काय ओरडणार?" "देवाचं." "तो कधीपासून लिलाव करायला लागला?" "नाही गं, तो फुकट देतोय. तरी कोणी घेत नाही, म्हणून ओरडावं लागणार." आई म्हणाली, "बरं. पण फुकट द्यायचं काम कोणी फुकट करवून घेत असेल तर घर कसं चालायचं, तेही विचारून ठेवा." आणि पुढची बारा-पंधरा वर्षं ते घर तिने कपडे इस्त्री करून चालवलं. संहितेत आई एकाच प्रवेशात होती. हात जोडून. आई! हात जोडून!

तो तंबू तुला आठवतो ना? बंद पडलेल्या सर्कशीचा, स्वस्तात मिळालेला. रंगवलेला हत्ती कितीही धुतला तरी पुसला गेला नाही आणि कंदील लागले की बाबांच्या डोक्यामागून उमटायचा. बाबा पश्चात्तापाबद्दल बोलत असले की पुढच्या रांगेतली मुलं हत्तीचे पाय मोजायची. तू घंटा वाजवायचीस, मी खुंट्या ठोकायचो, आई दाराशी बसून येणाऱ्यांच्या चपला सरळ लावायची, कारण घाईत बाहेर पडताना माणसं चपलांवरून भांडतात आणि आतलं सगळं वाया जातं, असं तिचं मत होतं. मी तेव्हा विशीत होतो आणि सुतारकाम शिकत होतो, म्हणजे लाकूड वाया घालवत होतो.

बाबांच्या मनात आलं की लोक पुढे येऊन प्रार्थना करतात तेव्हा त्यांना कोपर टेकायला काहीतरी हवं. एका गोदामाचं जुनं दार मिळालं होतं, त्याच्या दोन फळ्या निघाल्या. एक अखंड, लांब, सुंदर. दुसरीला मधोमध कुलपाचं भोक आणि खालून कीड. मी बाबांना बजावलं, "भोकवाली पायांना लागेल. अखंड आहे तिला हात लावू नका. मी खिळे घेऊन आलो." मी खिळे आणायला गेलो, तेवढ्यात बाबांना मदत करायची लहर आली. परत येतो तर बाबा करवत चालवतायत आणि सोबत त्या संध्याकाळच्या प्रवचनाचा सराव चाललाय. "परत या! कितीही लांब गेला असाल," करवत पुढे, "परत या!" करवत मागे. मी म्हटलं, "बाबा, ही कोणती फळी कापताय?" "पायांची." "पायांची ती आहे!" बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे देवा." जन्मात बाबांनी देवाचं नाव असं वैतागून घेतलेलं मी तेवढंच ऐकलं. फळी मधोमध कापली गेली होती. तीही तिरकी, कारण बोलताना ते एका अंगाला झुकायचे. भोकवाली चिरायला घेतली तर किडीने तिचा भुगा झाला, म्हणून चांगलीच्या एका तुकड्याचे चिरून पाय करावे लागले, दुसऱ्याची वरची फळी. सभा दोन तासांवर होती. मी पाय ठोकले. ते पाय आजही हलत नाहीत, एवढं लक्षात ठेव. बाक तयार झाला, चार माणसांचा. पाचवा आला तर कोणाला तरी एक कोपर हवेत ठेवावं लागेल असा.

त्या संध्याकाळी पुढे आली तीसेक माणसं. गिरणीवाला आणि बेकरीवाला, ज्यांनी कित्येक वर्षांत एकमेकांकडे पाहिलं नव्हतं, दोघेही उठले. दोघेही आपापल्या टोकाकडून. बाक लांब असता तर एक या टोकाला टेकला असता, दुसरा त्या टोकाला, आणि दोघेही देवाला सांगून आपापल्या घरी गेले असते. पण जागा चौघांची, म्हणून रांग लागली, आणि रांगेत बेकरीवाल्याच्या नेमका मागे गिरणीवाला. मी तंबूच्या खांबापाशी उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं. गिरणीवाला म्हणाला, "जरा पुढे सरका." "सरकतोय. ढकलू नका." "मी नाही ढकलत, माझं पोट ढकलतंय." बेकरीवाला मागे न बघता म्हणाला, "माझा पाव खाऊनच वाढलंय." "तुमच्या पावाला पीठ कोणाचं होतं?" "होतं. ओलं निघालं तोवर." रांग एक माणूस पुढे सरकली. मग गिरणीवाला अगदी हळू म्हणाला, "ओलं होतं. मला माहीत होतं." बेकरीवाला वळला. पुढे त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, कारण मी तिथून हललो. काही गोष्टी ऐकणं बरं दिसत नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा दोघे शेजारी टेकले आणि लगेच उठले. सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

तंबू उतरवताना मी बाबांना म्हटलं, "उद्या फळीला जोड लावतो. आठ माणसं तरी मावतील." बाबा म्हणाले, "हात लावलास तर बघ. आज काम रांगेत झालं, बाकावर नुसती सही झाली." तेव्हापासून प्रत्येक सभेत ते करवतीची गोष्ट सांगायचे, स्वतःची नक्कल करून, आणि मग म्हणायचे, "देवापुढे जागा चौघांची आहे. तोवर बाकीच्यांनी एकमेकांशी बोलून घ्या. त्याला घाई नाही." आणि लोक बोलायचे गं. सासवा-सुना, भाऊ-भाऊ, घरमालक-भाडेकरू. बाबांच्या प्रवचनांबद्दल लोक काय वाटेल ते सांगोत. त्या रांगेचा आवाज मात्र माझ्या कानातून गेलेला नाही. आधी खोकणं, मग कुजबूज, मग कोणीतरी फसकन हसायचं.

आता त्या प्रयोगाचं सांगतो. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. बाबांचं काम बँकेतल्या एका मुलाने केलं, चिकटवलेल्या मिशा लावून. आवाज चांगला होता. बाक मी दिला होता, उसना. तो त्यांनी व्यासपीठावर मखमली दोरीच्या आत ठेवला होता. मग बाकाचा प्रसंग आला, मी वाचला होता त्याहून वेगळाच. दिवे मंद झाले, वरून सोनेरी प्रकाश पडला आणि पडद्यामागून गंभीर आवाज आला की बाक आखूड कर. बाबा गुडघ्यांवर. आणि निवेदक म्हणाला, "पित्याच्या आज्ञेनुसार कुशल पुत्राने स्वतःच्या हातांनी हा बाक घडवला." मी खोटं बोलणार नाही, मी उठलो ते सत्यासाठी नाही. मी उठलो कारण ती तिरकी कड चारशे माणसांसमोर माझ्या नावावर चढत होती. मी ओरडलो, "हे काम माझं नाही! माझी कड अशी तिरकी जात नाही!" सगळं सभागृह वळलं. धाकटे पाळक बाजूच्या अंधारातून पुढे आले. "मग कोणाचं, दादा?" "बाबांचं. दर्शन-बिर्शन काही नाही, चुकीची फळी कापली." बँकेतला मुलगा तसाच गुडघ्यांवर, एका बाजूची मिशी सुटलेली. त्याने अगदी काळजीने विचारलं, "म्हणजे प्रकाश नको?" मी म्हटलं, "प्रकाश राहू दे, करवत दिसेल एवढाच ठेवा." आधी मागच्या रांगेतली एक म्हातारी हसली, मग सगळे. धाकटे पाळक तर डोळे पुसत होते. त्यांनी मला वर बोलावलं, आणि मी गिरणीवाला, बेकरीवाला, हत्ती, आईच्या चपला, सगळं सांगितलं. पाऊण तास बोललो म्हणे. बाबांचा मुलगा आहे शेवटी.

दुसऱ्या दिवशी धाकटे पाळक कारखान्यात आले आणि भुशात बसले. मी स्टूल दिलं तर म्हणाले, इथेच बरं आहे. मग म्हणाले, "दादा, आमच्याकडे लोक पुढे येतात. रडतात. गादी ओली होते. आणि अर्ध्या तासाने बाहेर गाड्या काढताना एकमेकांवर हॉर्न मारतात. मागच्या रविवारी दोघे तर गाडीतून उतरले, आणि दोघेही आत शेजारी शेजारी गुडघ्यांवर होते." थोडा वेळ भुसा बोटांनी चाळत राहिले. "मला वाटलं होतं, तुमच्या बाबांचा बाक आणला की काहीतरी होईल. पण काल तुम्ही बोलत होतात तेव्हा डोक्यात आलं की आमची गादीच फार लांब आहे." मी रंधा खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे कोणाला सांगूनही कळलं नाही, आणि या मुलाला आपणहून कळलं, याचं मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा दिला. माझा चहा मी सहसा कोणाला देत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी गादी गुंडाळून ठेवली, मखमली दोरी काढली आणि बाक खाली आणून ठेवला. लोक आले आणि रांग लागली. सुरुवातीला सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. मग एक बाई म्हणाली, "एवढा वेळ काय लागतोय? यादी करून आणलीय की काय?" पुढचा माणूस म्हणाला, "ताई, माझी मोठी आहे, तुम्ही हवं तर आधी जा." हशा झाला, आणि मग तो आवाज सुरू झाला. खोकणं, कुजबूज. मी डोळे मिटले असते तर डोक्यावर हत्ती दिसला असता. मी रांगेत जाणारच नव्हतो. मला लांबून वाटलं की बाकाचा उजवा पाय गालिच्यावर नीट टेकलेला नाही, म्हणून पुढे चाललो होतो. एका मुलाने मला अडवलं. "काका, रांगेतून या." "अरे, मी फक्त पाय बघायला आलोय." तो म्हणाला, "सगळे काहीतरी बघायलाच येतात, काका," आणि मला रांगेत उभं केलं. माझ्या मागे कोण येऊन उभं राहावं? समोरचा.

समोरचा म्हणजे माझ्या कारखान्यासमोरचा फर्निचरवाला, तुला माहीतच आहे. त्याचं नाव मी घरात घेत नाही. माझे खण अडकतात असं त्याने माझ्या तीन गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बराच वेळ मी त्याचा श्वास मानेवर सहन केला. मग तोच म्हणाला, "मी असं म्हटलं नव्हतं." मी म्हटलं, "मग कसं म्हटलं होतंस?" "ओल्या हवेत अडकतात, असं म्हटलं होतं." "ओल्या हवेत कोणाचेही अडकतात!" "हो," तो म्हणाला, "माझेही अडकतात." मी सांगून टाकलं की त्याच्या पॉलिशखाली भेगा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, असं मी गावभर म्हणत होतो. तो म्हणाला, "ते खरंच आहे की." आणि आम्ही दोघे असे हसलो की रांगेतून कोणीतरी शूऽऽ केलं. मग त्याने खरं काय ते सांगितलं. माझी जागा घ्यायला मालकाकडे जो दुसरा माणूस खेटे घालत होता, तो हाच. तो म्हणाला, "तुला काढायला नाही रे. मला मागची अर्धी हवी, यंत्रं ठेवायला. पुढची तू वापर, भाडं आहे तेच दे. सकाळी तुझा रंधा सुरू झाला की मी दुकान उघडतो. तो बंद पडला तर मला वेळ कशी कळणार?" घंटाबाई, मी, या माणसाचा भाडेकरू! मी त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझा नंबर आला.

मी टेकलो. बोलण्यासारखं खरंच काही उरलं नव्हतं, म्हणून कड बघत बसलो. आयुष्यभर जिला शिव्या घातल्या ती कड इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिली. करवतीच्या दात्यांच्या रेघा एका जागेपर्यंत भराभर गेल्यात, तिथे थांबल्यात, आणि मग जरा वेगळ्या कोनात पुढे गेल्यात. तिथे बाबांनी हात वर केला असणार. "परत या" म्हणताना ते नेहमी उजवा हात वर करायचे. मी त्या जागेवर अंगठा ठेवला. पाचवा माणूस माझ्या खांद्यावर टकटक करायला लागला तेव्हा उठलो. उजवा पाय व्यवस्थित टेकला होता.

त्यानंतर त्यांच्या कार्यकारिणीने मला बोलावून बाकाची मागणी पक्की केली. आता दोरीऐवजी काचेची पेटी करणार होते, म्हणजे कोणी कोपर टेकायला नको आणि लाकूड खराब व्हायला नको. धाकट्या पाळकांचा चेहरा उतरला होता, पण कार्यकारिणी मोठी आणि ते धाकटे. मी सांगितलं की आपल्या छोट्या मंडळीत, बसस्थानकामागच्या त्या खोलीत, महिन्यातून एकदा अजून रांग लागते. कधी सात माणसांची, कधी पाचांची. काचेत ठेवलेल्या बाकापुढे रांग लागते ती बघायला, आणि बघायच्या रांगेत माणसं एकमेकांशी भांडत नाहीत की समेटही करत नाहीत. तुम्हाला बाक हवा तर तुमचा तुम्ही कापा. मी करून देणार नाही, सरळ होईल. धाकट्या पाळकांनी ते मनावर घेतलं. आठवड्याने जुन्या बर्फखान्याच्या दाराची फळी घेऊन आले आणि माझ्या कारखान्यात, माझ्या करवतीने, रविवारच्या प्रवचनाचा सराव करत कापायला बसले. मी दोन्ही हात खिशात ठेवले आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मला किती त्रास झाला असेल ते तूच समज. त्यांचा बाक तयार झाला आहे. तीनच माणसं मावतात. पहिल्याच रविवारी त्या दोन गाडीवाल्यांना रांगेत सव्वा तास उभं राहावं लागलं, आणि जाताना एकाने दुसऱ्याला गाडी काढायला हात दाखवून मदत केली.

आता हे सगळं तुला का लिहिलं, ते. त्यांचे खजिनदार अजून हटलेले नाहीत. भला माणूस आहे, पण त्याला काचच हवी. पुढच्या आठवड्यात तो तुझ्याकडे येणार आहे, कारण बाक आपल्या दोघांचा आहे, आणि माझं 'नाही' म्हणजे अर्धंच 'नाही' झालं. उरलेलं अर्धं तुझ्याकडे मागतो आहे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, म्हणून मागायची पद्धत चुकली असेल तर सांभाळून घे. जागा समोरच्याने घेतली. कालपासून मी त्याचा भाडेकरू आहे, आणि सकाळी रंधा मुद्दाम पंधरा मिनिटं आधी सुरू करतो, म्हणजे त्यालाही लवकर उठावं लागतं. तू जर खजिनदारांना हो म्हणालीस तर मी अडवणार नाही, बाक स्वतः बांधून देईन. पण तू आकडा त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावास. बाक कायमचा काचेत, खाली पितळी पाटीवर 'कारागीर' म्हणून माझं नाव, आणि रोख साडेसहा लाख; कारखान्याची जागा येऊन वर एक नवं यंत्र आलं असतं. मी आधी पाटी नाकारली, मग साडेसहा लाख.

तुझाच,
समोरच्याचा भाडेकरू,
दादा